ब्रॅकनशॉची मुकी बोली

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली. त्या वर्षी ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळानं गावांच्या नावांवर व्याख्यानं ठेवली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. ब्रॅकनशॉ हे इंग्लंडातलं गिरणीचं गाव माझा विषय. मंडळातलाच शिशिर वाचायला म्हणून माझी पुस्तकं घेऊन गेला आणि मंडळाकडून विषयही स्वतःच्या नावावर करून आला. सरकारी कचेरीतला हा पोट्टा नागपूरच्या पुढे कधी गेलेला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

व्याख्यान मात्र रंगलं. ब्रॅकन म्हणजे नेचे, शॉ म्हणजे झाडी. गिरणीनं झाडी खाल्ली, नाव तेवढं उरलं. इथवर पुस्तकातलं. मग तो दमट कापसाच्या वासाबद्दल, झिजलेल्या जिन्याबद्दल बोलू लागला. ते माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. मागांच्या खडखडाटात ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या, असं सांगून त्यानं आवाज न काढता एक वाक्य म्हणून दाखवलं.

सगळे हसले. माझी बायको पूर्णिमा हसली नाही. बायकांच्या रांगेतून तिनं तसंच, नुसत्या ओठांनी, उत्तर दिलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय बोललीस त्याच्याशी?"

"त्याच्याशी मी काहून बोलीन?" ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

तेव्हापासून रोज दुपारी ती खिडकीशी उभी राहून ओठ हलवायची. मी जळत होतो, सरळच सांगतो. खाली शिशिर असणार म्हणून गच्चीवरून डोकावलो. गल्लीत ऊन होतं, कुणाची तरी स्कूटर होती. माणूस नव्हता.

शेवटी शंकर नगरला शिशिरच्या घरी जाऊन त्याला गाठलं. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"भैया, तो वास, तो जिना माझ्या तोंडून कसा निघाला, मलाच नाही माहीत. ओठ मी गंमत म्हणून हलवले. वहिनी माझ्याशी नव्हत्या बोलून राहिल्या."

"मग कुणाशी?"

"माझ्या मागं पाहून राहिल्या होत्या. म्हणाल्या, यायला किती वर्षं लावलीस."

व्याख्यानाच्या वेळी त्याच्या मागे नुसती भिंत होती. मी तसाच घरी परतलो.

पूर्णिमा खिडकीशीच होती. बोलत होती, थांबत होती, मान हलवत होती.

"कोण आहे?" मी विचारलं.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे तोंड करून ओठांनी सावकाश माझं नाव सांगितलं, पाहुण्याला घरच्यांची ओळख करून देतात तसं.

तिनं पदर सावरला. लग्नानंतर तिला इतकं लाजलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग ती खिडकीपासून बाजूला सरकली, बाहेरच्याला आत यायला वाट देत.