श्रावणातली कोळंबी

नोकरी गेल्याचं श्रुतिकाला कळलं ते चारकोपच्या मासळी बाजारात. खरं तर ती अजून रुजूही झाली नव्हती. सोमवारी अंधेरीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागायचं, म्हणून ती कुडाळहून सुगंधामावशीकडे आली होती. मावशीने कौतुकाने कोळंबी आणायला पाठवलं. भाव विचारत असतानाच मोबाइल वाजला. जागा रद्द झाली होती.

ती तशीच वळली.

"ओ ताई, बोहनीची वेळ आहे," टोपलीमागचा तरुण म्हणाला. "भाव विचारून अशा जाऊ नका. आई मला घरात घेणार नाही."

श्रुतिकाचे डोळे भरून आले. तो घाबरला. "अहो, नका घेऊ! पण रडू नका ना..."

तिने रडत रडतच अर्धा किलो घेतली.

त्याचं नाव कृणाल. आई पुतळाबाईचे गुडघे धरले होते, म्हणून तो टोपलीवर बसत होता. दोन दिवसांनी ती परत दिसताच तो हसला.

"परवा दहाच्या आत टोपली रिकामी! तुझ्या हाताला गुण आहे. आता बोहनी तूच करायची."

"परवा ताई, आज एकदम तू?"

"ते 'ताई' परत घेतलं. चालेल ना?"

"गुण आहे तर मला नोकरी का लागत नाही?"

"न्हावी स्वतःचे केस कापतो का? तसंच ते."

कितीतरी दिवसांनी ती हसली. बाबांनी फोनवर सांगून टाकलं होतं - गणपतीपर्यंत बघ, नाहीतर गणपतीला येशील ती कायमची. म्हणून ती रोज अर्ज घेऊन निघायची. आधी बाजार, मग मुलाखत.

"काल कुठे?" कृणाल विचारायचा.

"मुलुंड. अनुभव नाही म्हणाले."

"डोंगर दिसला?"

"दिसला. हिरवागार."

"मग मुलुंड बघून झालं! आज?"

"घाटकोपर."

"येताना मेट्रोने ये. असल्फाला खिडकीतून वर बघ. विमानं डोक्यावरून उतरतात."

तिने बघितलं. नकार तिथेही मिळाला, पण त्याला सांगायला विमान होतं. हळूहळू ती सगळं त्याला सांगण्यासाठीच बघायला लागली.

मग एका सकाळी बाजार ओस पडलेला दिसला. कृणाल मात्र होता, जेमतेम भरलेली टोपली घेऊन.

"अर्धा किलो दे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "काल गटारी झाली. आज श्रावण लागला. तुमच्याकडे चालतं?"

श्रुतिका कानापर्यंत लाल झाली. मासळीची भांडी मावशीने रात्रीच घासून माळ्यावर टाकली होती. ती तर हिनेच पुसून दिली होती! तरी सकाळी पिशवी घेऊन पाय इकडेच वळले होते...

शेजारच्या रिकाम्या टोपल्या आवरायला आलेली चंपा खदखदून हसली. "तिला काय विचारतोस? तू कशाला बसलास ते सांग की! पोरी, याच्या आईचे गुडघे कधीच बरे झाले. ती म्हणाली, आज गिऱ्हाईक नाही, घरी बस. तर हा आला टोपली घेऊन!"

"मावशी, गप ना यार!"

तो टोपलीतली कोळंबी उगाच सारखी करू लागला.

"तू आली असतीस आणि मी नसतो, तर?" शेवटी कृणाल म्हणाला.

"श्रावण महिनाभर आहे. रोज काय घ्यायला येऊ?"

"काही नको घेऊस. नुसती ये. मला आवडतेस तू."

श्रुतिकाने पिशवीची घडी केली. परत उलगडली.

"गणपतीला घरी बोलावलंय. कायमचं."

"मग...?"

"जाईन. मोदक खाईन आणि परत येईन. नोकरी लागो, न लागो." तिने वर बघितलं. "तूसुद्धा आवडतोस मला. सकाळी सकाळी मासळीचा वास येतो, तरी."

"आज कुठे?" त्याने विचारलं.

"गोवंडी."

"तिथे मी कधी गेलोच नाही. तूच सांग येऊन."

ती रिकामी पिशवी घेऊन गोवंडीला निघाली. परत येणार हे बाबांना अजून सांगायचं आहे. नोकरी अजून लागायची आहे.