दोन मीटरवरचे अण्णा

तिच्या जुन्या झूम लेन्सने एका साखरपुड्यात ऐन वेळी मान टाकली, आणि सोमवारी तर नर्सिंग कॉलेजात साठ मुलींचे फोटो काढायचे होते. नवी झूम परवडणारी नव्हती. तेव्हा जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या काकांनी पन्नास एमएमच्या, झूम नसलेल्या दोन लेन्स काउंटरवर ठेवल्या. एक प्लॅस्टिकची, हातात घेतली तर आहे की नाही कळू नये इतकी हलकी. दुसरी धातूची, जुनी, फोकसचं कडं तेल पाजल्यासारखं फिरणारं. दोन्ही तिच्या आवाक्यातल्या होत्या.

"दोन्ही घरी न्या," काका म्हणाले. "लेन्सचं चपलेसारखं असतं. घालून चार पावलं चालल्याशिवाय कळत नाही."

घरी मॉडेल आयताच होता. अण्णा, तिचे वडील, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले की दहापर्यंत हलायचे नाहीत.

"फुकटात मिळतोय म्हणून वाट्टेल तसा वाकवू नकोस हं," ते म्हणाले. पण मोजपट्टी त्यांनीच आणायला लावली. अंदाजपंचे काम त्यांना खपत नसे. पट्टीचं टोक त्यांनी स्वतः डोळ्याशी धरलं. कॅमेऱ्यापर्यंत बरोबर दोन मीटर. खुर्चीच्या आणि ट्रायपॉडच्या पायांभोवती तिने खडूने खुणा केल्या.

लेन्सच्या कड्यावर अंतराचे आकडे असतात, मीटरमध्ये. प्लॅस्टिकच्या लेन्सचं कडं दोनच्या आकड्यावर आणलं आणि अण्णांच्या भुवईचा केस न् केस दिसला. मग धातूची लावली. दोनच्या आकड्यावर खुर्चीची वीण स्वच्छ दिसली, खुर्चीच्या हातावरचा ओरखडासुद्धा. अण्णा मात्र वाफ धरलेल्या काचेमागे बसल्यासारखे दिसत होते. तिने कडं फिरवलं. तीनवर खुर्ची पुसट झाली आणि अण्णा लख्ख उमटले.

जुन्या लेन्सचं काहीतरी ढिलं झालं असणार. चला, निवड झाली, म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खात्री करावी म्हणून तिने प्लॅस्टिकची लेन्स लावली. दोनवर खुर्ची, आणि खुर्चीत धुकं. अण्णा चारवर सापडले. धातूच्या लेन्सवरही चारवरच.

तिने शेजारच्या काकूंना बोलावून त्याच खुर्चीत बसवलं. काकू दोन्ही लेन्सवर, दोनच्या आकड्यावर, नाकावरच्या तिळासकट दिसल्या. "माझा एक मोठा करून दे गं," म्हणत त्या खुशीत गेल्या. मोबाइलमध्ये अण्णाही ठीक दिसत. पण मोबाइलमध्ये सगळंच ठीक दिसतं.

तिने लेन्स दुकानात नेल्या. काकांनी दोन्ही आपल्या कॅमेऱ्यावर चढवल्या, भिंतीवरच्या तक्त्यावर रोखल्या, पुन्हा पुन्हा कडी फिरवली.

"दोन्हीत काडीची खोट नाही. तुम्हाला काय वेगळं दिसलं?"

काय सांगणार? "काही नाही. हात हलला असेल," असं म्हणून ती दोन्ही लेन्स तशाच परत घेऊन आली. कोणती घ्यायची हा प्रश्न आता उरला नव्हता, आणि जो उरला होता तो विचारायचा कोणाला?

तिसऱ्या दिवशी आकडा सातवर गेला.

तिने मोजपट्टी काढली. अण्णांनी टोक धरलं.

"किती आलं?"

"दोन."

अण्णा पट्टीकडे बघत राहिले. मग डोळे बारीक करून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं उन्हातान्हात माणसं उभी करून अंतरं मोजलेले डोळे.

"पट्टी खोटं बोलायची नाही," ते सावकाश म्हणाले. "पण मला तू बरीच लांब वाटतेस गं."

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

उत्तर यायला वेळ लागला. "मला काय धाड भरलीय! जरा मोठ्यानं बोल एवढंच."

ती त्यांना त्याच दुपारी डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले, ईसीजी काढला. "या वयात असे रिपोर्ट मला आले तर मी पेढे वाटीन," डॉक्टर हसत म्हणाले. अण्णाही हसले. पण डॉक्टर हसायचे थांबून कागद लिहायला लागले, तेव्हा.

रिक्षात ती त्यांना चिकटून बसली. त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. दंड गरम होता, नेहमीसारखा.

शनिवारी तिने त्यांची खुर्ची हलवली. रविवारी त्यांना पलंगावर बसवलं. मग कॅमेरा एक मीटरवर आणला, मग त्याहून जवळ, इतका की त्यांच्या श्वासाने काच धूसर व्हावी. कडं पुढे पुढेच जात होतं. दहा. मग दहाच्या पुढची, आकडे नसलेली जागा. मग आडवा आठ, अनंताची खूण, जिथे डोंगर आणि चंद्र स्पष्ट दिसतात.

तिथे कडं अडलं.

अण्णा अजून पुसटच होते.

तिने जोर लावला. कडं हललं नाही. तिने दुसरी लेन्स लावली. तीही तिथेच अडली.

"अण्णा," तिने हाक मारली. मग ओरडली, "अण्णा!"

ते खिडकीबाहेर बघत होते. चेहऱ्यावर त्रास नव्हता. प्रवासात खिडकीशी जागा मिळालेल्या माणसासारखे निवांत दिसत होते.

तिने कॅमेरा खाली ठेवला. त्यांच्या मागे जाऊन खांद्यावर हात ठेवला, दाबला, दोनदा हलवला. सदऱ्याचं कापड हाताला लागलं, खाली खांद्याचं हाड लागलं. ते वळले नाहीत.

ती स्वयंपाकघरात गेली. काय करावं ते सुचेना, म्हणून चहा टाकला. दूध उतू जाईपर्यंत नुसती बघत उभी राहिली. ओटा पुसला. चहा गाळला. कप घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला.

तेव्हा अण्णांचा खांदा हलला, दोनदा, कोणीतरी धरून हलवल्यासारखा. सदऱ्यावर पाच बोटांच्या चुण्या पडल्या. अण्णा मागे वळले, मघाशी ती उभी होती आणि आता कोणी नव्हतं त्या बाजूला.

"आलो गं," ते म्हणाले.