दहा फुटांवरची जागा

शहराच्या बसगाड्यांत माणसं काय काय विसरून जातात, ते खिडकीताईला विचारावं. छत्र्या तर पोत्यांनी. कवळ्या, वह्या, एकुलता एक बूट. एकदा एक कुबडीसुद्धा आली होती, आणि कुबडी विसरून माणूस घरी चालत कसा गेला, हा विनोद कचेरीत बावीस वर्षं जुना होऊनही मेला नव्हता.

बस आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर ती बसायची, म्हणून खिडकीताई. वस्तू परत देण्याआधी तिचे तीन प्रश्न ठरलेले. काय हरवलं? कुठल्या रंगाचं? ओळखीची खूण काय? पहिल्या दोन प्रश्नांना कोणीही उत्तर देतो. तिसऱ्याला जो अडखळला, त्याची ती वस्तू नव्हे, हे ती चेहरा न बघताही सांगायची.

नवरा जाऊन अकरा महिने झाले तेव्हा लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती.

“आई, वर्ष होत आलं गं. बाबांचा एक फोटो मोठा करून भिंतीवर लावू या. एक बरासा शोधून ठेव.”

“बघते.”

“तुला आठवतो ना त्यांचा चेहरा? हसू नकोस, पण मी डोळे मिटले की मला नुसता कॅमेराच दिसतो. कॅमेऱ्याला पाय फुटल्यासारखा.”

“आठवतो की,” ती म्हणाली.

फोन ठेवून ती पलंगावर बसली आणि मनातल्या मनात खिडकीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. काय हरवलं? चेहरा. रंग? सावळा. ओळखीची खूण?

ती बराच वेळ तशीच उभी होती. मागे रांग नव्हती, तरी खिडकी बंद झाली.

तिला वाईट वाटायला हवं होतं. पण दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं अकरा महिने चाललं होतं. चावलं तरी कळत नव्हतं.

नवरा पाण्याचे मीटर वाचायचा. सहा दिवस दारोदार वाकून आकडे टिपायचे आणि रविवारी मान वर करून माणसं बघायची, असा त्याचा आठवडा. रीळ घालायचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून दोघं निघायची. बाजार, पूल, टपाल कचेरीच्या पायऱ्या, बाग. तो कॅमेरा कधी डोळ्याला लावत नसे. “डोळ्याला लावला की माणसं ताठ होतात,” म्हणायचा. छातीवरूनच बटण दाबायचा. त्यासाठी त्याने लेन्सचं कडं दहा फुटांवर फिरवून काळ्या टेपने कायमचं बांधून टाकलं होतं. दहा फुटांवरचं माणूस लख्ख, त्याच्या फार अलीकडे किंवा पलीकडे सगळं धूसर. दहा फूट म्हणजे त्याची चार पावलं. तिला चार पावलांवर उभं करून तो उजेडाचा अंदाज घ्यायचा, मग म्हणायचा, “हं, सरक आता.” ती बाजूला व्हायची आणि तिच्या जागी जे कोणी येईल त्याचा फोटो निघायचा.

म्हणून ट्रंकभर फोटोंत अख्खं शहर होतं आणि ती दोघंच नव्हती. कामाच्या ओळखपत्रावर त्याचा एक फोटो होता, पण त्यावर गोल शिक्का नेमका नाकाडोळ्यांवर बसलेला.

कॅमेऱ्यात एक अर्धी रीळ राहिली होती. तीत एखाद्या वेळी दुकानाच्या काचेत बघून त्याने स्वतःचा फोटो घेतला असेल, असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे, तशी आशा धरायला हरकत नव्हती. पण अर्धी रीळ धुवायला देणं म्हणजे अर्ध्या ताटावरून उठणं, असं तो मानायचा. तेव्हा उरलेले अकरा फोटो संपवायला ती रविवारी त्याच्या वाटेने निघाली. पुलावर तीन. टपाल कचेरीपाशी चार. बाकीचे बाजाराच्या रस्त्यावर. छातीवरून, न बघता.

फोटो धुणारा अंधाऱ्या खोलीतून डोळे चोळत बाहेर यायचा, म्हणून नवऱ्याने त्याचं नाव काळोखे ठेवलं होतं. त्यालाही ते आवडून गेलं होतं; पाटीवर घालायचं तेवढं राहिलं होतं.

“वहिनी, साहेबांचे पंचवीस नेहमीसारखे झकास,” काळोखे म्हणाला. “तुमचे अकरा जरा तिरके आहेत. पण गर्दी छान फुटलीय. मधे कोण होतं?”

“कुठे मधे?”

त्याने बोट ठेवलं. बाजाराचा रस्ता माणसांनी भरलेला होता. पार टोकाला, घड्याळाच्या दुकानापाशी, लोक एका जागेला वळसा घालून चालले होते. ओढ्यातलं पाणी दगडाला वळसा घालतं तसे. दगड तेवढा नव्हता.

“खड्डा असेल,” ती म्हणाली.

“असेल,” काळोखे म्हणाला. “शहरात खड्ड्यांना तोटा नाही.”

पंचवीस फोटोंत नवरा कुठेच नव्हता. तिने नवी रीळ मागितली. का मागितली ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या रिळीत ती जागा घड्याळाच्या दुकानापासून निघून बसथांब्यापर्यंत आली होती. रांगेत एका माणसाएवढी फट, आणि फटीच्या मागची बाई पुढे सरकत नव्हती. तिसऱ्या रिळीत ती रस्ता ओलांडत होती. एकाने छत्रीचं टोक आवरून धरलेलं, दुसरीने बाळाच्या गाडीचं चाक वळवलेलं. एका म्हाताऱ्याचे ओठ ‘जरा येऊ द्या’ म्हणताना दिसत होते. त्याच्यासमोर कोणीही नव्हतं.

फोटो काढताना तिला यातलं काहीच दिसायचं नाही. रस्त्यावर माणसं एकमेकांना खेटून चालायची, तिलाही धक्के बसायचे. फट दिसायची ती कागदावर.

त्याच आठवड्यात कचेरीतलं हजेरीचं यंत्र तिला ओळखेना. दारावर लावलेलं ते यंत्र चेहरा बघून हजेरी घ्यायचं. ती समोर उभी राहिली. ‘चेहरा आढळला नाही.’ चष्मा काढला. ‘चेहरा आढळला नाही.’ केस मागे केले.

“ताई, जरा हसा की,” रखवालदार म्हणाला. “माझी बायकोसुद्धा मी हसल्याशिवाय मला ओळखत नाही. पगाराच्या दिवशी तेवढी पाठमोरा असलो तरी ओळखते.”

ती हसली, म्हणजे ओठ ताणले. यंत्राने मागच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितल्यासारखं तिच्या आरपार बघितलं. तिसऱ्या दिवसापासून रखवालदाराने तिच्यासाठी एक वही ठेवली. सही करायची आणि आत जायचं.

“यंत्र आहे, बिघडतं,” तो म्हणाला. बाकी सगळ्यांना ते ओळखत होतं.

तिची आजी दळताना काहीबाही गुणगुणायची. त्यातलं एक तिला आता उगाच आठवू लागलं होतं.

*डोळ्यात राहिलं, पापणीला गवसेना,*
*उंबऱ्याशी आलं, माझ्या तोंडी नाव येईना.*

पुढची ओळ ती विसरली होती. आजीही विसरली असावी, कारण ती इथेच थांबून जात्यात मूठ टाकायची.

चौथी रीळ दाखवताना काळोखे बसला नाही. त्याने एकच फोटो काचेवर ठेवला आणि भिंग तिच्याकडे सरकवलं. बागेबाहेरचा पदपथ. पाऊस नुकताच थांबलेला, फरशा ओल्या. लोक दोन्ही बाजूंनी वळसा घालून चाललेले. मधल्या मोकळ्या जागेत, ओल्या फरशीवर दोन कोरडे ठसे होते, शेजारी शेजारी, बोटं कॅमेऱ्याकडे. फरशीचा कणन् कण लख्ख दिसत होता.

“दहा फूट,” काळोखे म्हणाला. “बरोब्बर दहा.”

तिने भिंग ठशांवर आणखी खाली आणलं.

“वहिनी, टेप काढा. आता याहून जवळ आलं, तर धूसर येईल. काही दिसायचं नाही.”

“टेप त्यांनी लावलीय.”

“म्हणून म्हणतोय.”

तिने टेप काढली नाही. घरी येऊन नखाने तिची कड उचकटून बघितली, आणि पुन्हा दाबून बसवली. त्याच्या हातचं घरात तेवढंच एक न हललेलं उरलं होतं.

पाचव्या रिळीत चेहरा नव्हता. पहिल्या काही फोटोंत मधोमध राखाडी धूसरपणा होता, माणसाएवढा. पुढे तो वाढत गेला. रस्ता कडेला सरकत गेला. छत्तिसावा फोटो अख्खा करडा होता.

“लेन्ससमोर बोट आलं असेल,” ती म्हणाली.

काळोखेने फोटो पाकिटात घातले. पाकीट दोन बोटांनी धरून पुढे केलं.

“पुढची रीळ दुसरीकडे द्या, वहिनी. माझे डोळे आता बरे नाहीत.”

ती जायला वळली. मागून त्याने हलक्या आवाजात विचारलं, “त्यानंतर काय निघालं?”

“त्यानंतर रीळ संपली.”

वर्ष भरायच्या आदल्या दिवशी लेक आली. तिने ट्रंक पालथी केली. संध्याकाळपर्यंत तिच्याभोवती पूल, बाजार, पायऱ्या, अनोळखी माणसं पसरली होती.

“एकही नाही? तीस वर्षांत एकही? कमाल आहे बाबांची. लपाछपीच खेळले आपल्याशी.”

आईच्या पाच रिळींची पाकिटं कपाटात वरच्या फळीवर होती. ती आईने खाली काढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दोघी बाबांच्या वाटेने फिरायला निघाल्या. कॅमेरा तिने खुंटीवरच ठेवला. ऊन छान पडलं होतं, रस्ते भरले होते, लेक बोलत होती आणि ती हो-हो म्हणत होती. घड्याळाच्या दुकानापाशी लेक थांबली.

“बाबांचं राहिलं ते राहिलं. तुझा तरी काढू दे. उद्या तुझाही शोधत बसायची वेळ…” तिने जीभ चावली. “उभी राहा तिथे. या फोनला बोट लावावं लागत नाही. चेहऱ्यावर पिवळा चौकोन येतो. तू हसलीस की तो आपोआप फोटो काढतो.”

“आणि नाही हसले तर?”

“तर राहा उभी संध्याकाळपर्यंत. मला काय घाई आहे?”

लेक मागे सरकली. न मोजता, बरोबर चार पावलं. फोन उचलला.

ती दुकानाच्या काचेला पाठ करून उभी होती. तीस वर्षांची सवय, ती नकळत जरा बाजूला सरकली.

“आई, हलू नकोस.”

“नाही हलले.”

“चौकोन बसत नाहीये तुझ्यावर.” लेकीने फोन किंचित वर केला. “थांब. बसला. नाही… हा भलतीकडेच बसलाय.”

“कुठे?”

“तुझ्या शेजारी. तुझ्यापेक्षा वीतभर उंच. मागे काचेत काही आहे का गं?”

तिने मागे बघितलं नाही.

रस्त्यावरची माणसं येत होती. आज कागदाची गरज नव्हती. तिला ती उघड्या डोळ्यांनी दिसत होती. तिच्यापर्यंत येत, आणि तिला एकटीला जेवढा लागेल त्याहून मोठा वळसा घालून जात. कोणाचाही धक्का तिला लागत नव्हता.

तिचे ओठ मिटलेले होते. गाल सुन्न होता.

“आई, हास ना.”

ती हसली नाही.

फोनमधून आवाज आला. खट्.

लेकीने पडदा डोळ्यांजवळ आणला.

“हसलीस?”

“हो,” ती म्हणाली.

लेकीने फोटो दाखवला. काचेसमोर ती उभी होती, डाव्या कडेला, तोंड मिटून. मधे मोकळी जागा. गर्दी दोन्हीकडून फुटलेली.

“अशी कडेला का उभी राहिलीस? मधे केवढी जागा सोडलीस.”

“सवय.”

“पुसून टाकू? दुसरा काढते.”

“नको. हाच मोठा कर.”

“तुझ्यासाठी?”

“भिंतीसाठी.”

लेकीने तिच्याकडे बघितलं. फोन पिशवीत टाकला.

दोघी घराकडे निघाल्या. लेक पुन्हा बोलायला लागली होती, नोकरीचं, घरमालकाचं, मधेच स्वतःशी हसत होती. ऊन तिरपं झालं होतं. पदपथ अरुंद होता, समोरून माणसं येत होती, तरी लेक तिच्यापासून हातभर लांब चालली होती, एका माणसाची जागा सोडून. वळणावर लेकीने ती जागा आधी पुढे जाऊ दिली आणि मग स्वतः वळली. तिला ते कळलंही नव्हतं.