धाकटीच्या पायाला पाणी

पूर देवीच्या कोपानं आला, असं तुम्ही कागदावर लिहिलंत, खाली शिक्का मारलात आणि दप्तर बांधून टाकलंत. तुम्ही खोटं लिहिलंत. लिहिताना तुम्हाला ते ठाऊक होतं. आता गादीवर जरा सरळ बसा आणि त्या दिवशी काय झालं ते ऐका, कारण ज्याला ते सांगायचं होतं त्याला तुम्ही सदरेच्या पायरीवरसुद्धा चढू दिलं नव्हतं.

भाद्रपद वद्य पंचमीची पहाट. चारही बुरुजांवर लांब नळीच्या जेजाला बंदुका रोखलेली, दिंडीदरवाज्याला नवे खिळे ठोकलेली, धान्यानं अंबारं भरून घेतलेली आणि भोवतीच्या खंदकात काठोकाठ पाणी सोडून निर्धास्त झालेली तळवणीची गढी पूर्वेच्या तांबड्या उजेडात हळूहळू उघडी पडत होती. आभाळ स्वच्छ होतं. चार दिवसांत थेंब पडला नव्हता. पश्चिमेला घाटमाथ्यावर मात्र ढगांची काळी भिंत उभी होती, ती तीन दिवस जागची हलली नव्हती.

गढीच्या वरच्या अंगाला कांचनी नदीवर जुना दगडी बंधारा होता. त्यात अडलेलं पाणी पाटानं शेतांना जाई आणि त्याच पाटानं गढीच्या खंदकाला. बंधाऱ्याच्या मधोमध सांडवा आणि सांडव्याला सागाच्या अकरा फळ्या. पूर आला की फळ्या उचलायच्या, म्हणजे पाणी मुकाट्यानं नदीच्या पात्रातून निघून जाई. नाही उचलल्या, तर ते फुगून डाव्या हाताच्या मातीच्या बांधावर चढे. आणि त्या बांधाच्या पायथ्याशी खालची वाडी होती.

फळ्या कधी उचलायच्या हे कुणी माणूस ठरवत नसे. सांडव्याच्या कडेला साती आसरांचे, पाण्याच्या सात देवींचे, शेंदरी दगड होते, ओळीनं बसवलेले, आणि त्यातली धाकटी सगळ्यांत खाली, पाण्याला लागून. धाकटीच्या पायाला पाणी लागलं की डफ वाजवायचा, वाडीनं टेकडीवर चढायचं, जागल्यानं फळ्या उचलायच्या. आणि या कामी सरकारनंही हरकत करू नये, करील त्याचा वंश बुडेल, अशी शपथ घालून दिलेली सनद होती. राजवटी बदलल्या, सनद टिकली.

बंधाऱ्याचा जागल्या सिदनाक महार. बापाच्या मागून सत्तावीस वर्षं तो त्या फळ्या उचलत होता. वाहत्या पाण्याला विटाळ नाही असं शास्त्र सोयीनं सापडलं होतं, म्हणून पाण्यात त्याचा हात चाले. धाकटीला मात्र त्यानं सात हात लांबूनच जोहार घालायचा. तिच्या पायाला पाणी लागलं की नाही, तेही लांबूनच बघायचं.

त्या पहाटे तो बंधाऱ्याच्या टोकाला बसून पाण्याकडं बघत होता. पाणी संध्याकाळपेक्षा हातभर चढलं होतं आणि त्याचा रंग गेरूचा झाला होता. मग त्याला फेसात अडकलेली एक काटकी दिसली. त्यानं ती उचलली, मोडली, हुंगली. कारवी होती. ओली, हिरवी, मुळासकट उपटलेली. कारवी तळवणीत उगवत नाही. ती घाटमाथ्यावर उगवते. डोंगराची माती सुटून निघाली होती आणि ती इथं पोचायला फार वेळ उरला नव्हता.

त्यानं धाकटीकडं पाहिलं. ती कोरडी होती.

ती कोरडी का होती, ते आधी सांगितलं पाहिजे.

आषाढात बातमी आली होती की शेजारच्या जहागीरदाराची फौज दोन मजलांवर येऊन उतरली आहे. गढीचे कमाविसदार यमाजीपंत यांना खंदक भरलेला हवा होता, दसऱ्यापर्यंत. बंधारा तुडुंब राहिला तरच पाटाचं पाणी खंदकाला चढे, आणि पावसाळ्यात बंधारा तुडुंब राहायचा तर फळ्या उचलून चालणार नव्हत्या. आडवी येत होती ती सनद. दुसरा कुणी असता तर त्यानं सनद फाडली असती आणि शपथेला भिऊन शिबंदीच्या शिपायांनीच बंड केलं असतं. पंत हुशार. त्यांनी गावकरी सदरेवर बोलावले, हात जोडले आणि म्हणाले, “आमच्या दौलतीत आईसाहेबांनी चिखलात बसावे, हे आमच्या मनास फार दिवस खात आहे. आम्ही त्यांस चौथरा बांधून देतो.”

चौथरा झाला. घडीव दगडाचा, चुन्यात बसवलेला, छातीइतका उंच. साती आसरा वर गेल्या. धाकटीही गेली. त्या दिवशी गावानं हलग्या वाजवल्या, बायकांनी ओट्या भरल्या, पंतांच्या नावानं जयजयकार झाला. आणि सिदनाकाला, तो जुना इमानी चाकर म्हणून, जरीकाठी पागोटं मिळालं. त्यानं ते दोन्ही हातांनी झेललं. पाण्याची खूण छातीभर वर गेली हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं होतं. घरी जाताना रस्त्यातच आलं होतं. पण पागोटं डोक्यावर होतं आणि लोक वळून बघत होते.

आठ दिवसांनी फळ्यांना लोखंडी अडणा लागला, कुलूप लागलं, आणि धाकटीच्या पायाला पाणी लागल्याखेरीज ते उघडू नये, उघडील त्याचं डोकं मारू, अशी ताकीद घेऊन हैबती नाईक पाच बंदूकधारी बरकंदाजांसह सांडव्यावर येऊन बसला.

कारवीची काटकी मुठीत धरून सिदनाक आधी वाडीत उतरला. वाडीतलं पहिलं घर त्याच्या लेकीचं, गोजराचं. ती जात्यावर बसली होती. त्यानं दारातूनच सांगितलं, की बाई, ऊठ, म्हातारीला घे, टेकडीवर चढ, गल्लीला सांग. सासरा ओसरीवरून हसला. म्हणाला, व्याही, आभाळ बघा की, कपडे वाळत घालायचा दिवस आहे. शेजारचे दोघं आले, काटकी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. वाडीतून वर बंधारा सरळ दिसत होता आणि बंधाऱ्यावर, नव्या चौथऱ्यावर, उन्हात लखलखत साती जणी.

गोजरानं जात्याचा खुंटा सोडला नाही. “आबा,” ती म्हणाली, “धाकटी कोरडी आहे. तुम्हीच शिकवलंत ना, तिच्याकडं बघायचं, माणसांचं ऐकायचं नाही.”

त्यानंच शिकवलं होतं, ती पाच वर्षांची असताना, खांद्यावर घेऊन.

तो वर पळाला. तोवर पाणी अजून वीतभर चढलं होतं आणि मातीच्या बांधाच्या पोटातून एक बारीक धार बाहेर आली होती, करंगळीएवढी. हैबती नाईक सांडव्याच्या दगडावर तंबाखू मळत बसला होता. सिदनाकानं जोहार घातला, धार दाखवली, किल्ली मागितली.

“सिदनाका,” नाईक म्हणाला, “मी आंधळा नाही. मलाही धार दिसते. पण माझ्या घरी पाच तोंडं खायला आहेत आणि डोकं एकच आहे. धाकटीच्या पायाला पाणी लागू दे, मी स्वतः कुलूप काढतो.”

“ती वर आहे, नाईक. तिथं पाणी पोचायच्या आधी वाडी जाईल.”

“मग ते पंतांना सांग.”

“तुम्ही सांगा. मला दरवाज्यात उभं करत नाहीत.”

नाईकानं तंबाखू तोंडात टाकली आणि नदीकडं बघायला लागला. एक बरकंदाज म्हणाला, की महाराला पुराचं स्वप्न पडलंय. दुसरा हसला, पण त्यानंही पाय वर घेतले, कारण पाणी दगडाला लागलं होतं.

मग सिदनाकानं जे केलं, ते त्यानं ठरवून केलं असं त्याला पुढं कधी आठवलं नाही. कारवीची काटकी त्याच्या मुठीतून गळाली. तो चौथऱ्याकडं चालत गेला. जिथून जोहार घालायची सात हातांची खूण होती ती त्यानं ओलांडली, मग सहा, मग पाच. आणि ज्या पायऱ्या त्यानं स्वतः उन्हात दगड वाहून रचायला मदत केली होती, पण ज्यांवर पुऱ्या झाल्यावर त्याच्या हाताचा विटाळ जावा म्हणून गोमूत्र शिंपडलं गेलं होतं, त्या तीन पायऱ्या चढून तो आसरांसमोर उभा राहिला. मागं एकानं बंदूक डागायला बत्ती पेटवली. नाईकानं हात आडवा केला. का केला, ते त्यालाच माहीत.

सिदनाकानं धाकटीला दोन्ही हातांनी धरलं. शेंदूर बोटांना लागला. दगड वाटला होता त्याहून हलका होता. पोटाशी धरून तो पायऱ्या उतरला, सांडव्याच्या कडेच्या जुन्या खोबणीपाशी गेला, कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि तिला तिच्या जागी ठेवलं. पाणी तिच्या डोक्यावरून वाहायला लागलं.

“नाईक,” तो म्हणाला, “बघा.”

कुणी हललं नाही. पाच बरकंदाज, एक नाईक, आणि पाण्यात उभा असलेला तो माणूस, ज्याला तिथंच गोळी घातली असती तर कुणी विचारलं नसतं. हैबती नाईक उठला. कडेपर्यंत आला. खाली वाकून खूप वेळ बघितल्यासारखं केलं.

“तिला कुणी ठेवलं ते मी पाहिलं नाही,” तो म्हणाला. “धाकटीच्या पायाला पाणी आहे. एवढं मला दिसतं.” आणि त्यानं कमरेची किल्ली काढली.

डफ वाजला. वाडी धावली. हसणारे धावले, सासरा धावला. फळ्या एकेक करून निघाल्या. बरकंदाजांनीच हात लावला, शिव्या देत. आठवी निघाली तेव्हा वरून पहिला लोंढा आला, झाडांसकट. अकरावी निघाली, पण नववी आणि दहावी सूज धरून बसली होती, कुलूप लागल्यापासून हलवलीच नव्हती. बाकी नदी सांडव्यातून निघून गेली. पण ती दोन फळ्यांची जागा बंद राहिली तेवढं पाणी मातीच्या बांधावर गेलं, आणि करंगळीएवढ्या धारेनं तोंड उघडलं.

दीडशे घरांतली नऊ गेली. पहिली नऊ.

सिदनाक दुपारी खाली उतरला. घर नव्हतं. भिंतींची रेघ राहिली होती आणि जातं जागेवर होतं, कारण जातं जड असतं. त्याच्या पाळीत ओलं पीठ होतं. म्हातारी सासू टेकडीवर बसली होती. तिला गोजरानं वर पोचवलं होतं आणि गोजरा दुसऱ्या म्हातारीसाठी परत खाली उतरली होती. हे त्याला कुणीतरी सांगितलं. तो हो म्हणाला. मग त्यानं पिठावर बसलेली माशी हाकलली आणि तिथंच बसून राहिला. संध्याकाळी बायको आली, तिनं त्याचा हात धरून उठवलं. बोटांचा शेंदूर अजून गेला नव्हता.

जहागीरदाराची फौज आलीच नाही. तह कधीच झाला होता, म्हणे.

पंधरा दिवसांनी सदर भरली. यमाजीपंतांनी डोळे पुसले, मृतांस सरकारातून कफन दिल्याचं वाचून दाखवलं आणि चौकशी चालवली. हैबती नाईकाची नोकरी गेली. त्यानं एकच जबानी दिली, पायाला पाणी होतं. मग अंगणात, उन्हात, पायरीपासून लांब उभ्या केलेल्या सिदनाकापुढं कागद वाचला गेला: सदरहू महाराने श्रींस स्पर्श केला, विटाळ झाला, श्रींचा कोप होऊन नदीस पूर आला. आंगठा केल्यास मायबाप सरकार गुन्हा माफ करून जागलकीचं वतन चालू ठेवील.

“आधी काय, मागनं काय, एवढंच विचारतो,” सिदनाक म्हणाला. आवाज चढला नाही. “पाणी आलं, मग मी हात लावला. कागदात उलटं आहे.”

“तू देवीस हात लावलास, की नाही?” पंतांनी विचारलं.

“लावला.”

“मग आंगठा कर.”

सिदनाकानं डोक्याचं जरीकाठी पागोटं काढलं, घडी घातली आणि अंगणाच्या मातीत ठेवलं.

“करतो,” तो म्हणाला. “धाकटीला वर कुणी नेलं ते आधी लिहा. ती वर गेली तेव्हा मी हे पागोटं घेतलं होतं, तेही लिहा. माझं नाव त्याखाली दुसरं घाला. पण पहिलं नाव लिहा.”

कारकुनाची लेखणी शाईत बुडाली आणि तशीच वर धरलेली राहिली. पंतांनी पानदान पुढं ओढलं, विडा लावला, आणि शांतपणानं पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

सिदनाकाला डोंगरी किल्ल्यावर कैदेत घातलं. तो तिथंच गेला, कधी ते कुणी कळवलं नाही. पुढच्या आषाढात चौथरा दुरुस्त झाला, चुना नवा लागला, धाकटी पुन्हा वर बसली. खालची वाडी पुन्हा तिथंच वसली. लोक सकाळी उठून वर बघतात, ती कोरडी दिसते, आणि कामाला लागतात.

कागदावर शिक्का आहे. आंगठ्याची जागा रिकामी आहे. तुम्ही पानदान ओढून घेतलंत त्याला आता पुष्कळ दिवस झाले, तुमच्या जागी तुमच्यासारखेच बसले, आणि प्रश्न अजून अंगणात उन्हात उभा आहे. विडा संपला असेल, तर तोंड उघडा.

धाकटीला वर कुणी नेलं? नाव सांगा.