खालच्या केस्टनर गल्लीतली मोजणी

फावडं हवंय ना? देतो. आधी बसा पाच मिनिटं. त्या पोत्यांवर बसलात तरी चालेल, मीठ आहे त्यात, रस्त्यावर टाकायचं. दुपारी तुमच्यापैकी कुणीतरी पंचवीस नंबरच्या घरासमोरची खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली, हे मला कळलंय. कुणी, ते मी विचारत नाही. तुम्ही नवीन आहात, जिथून आलात तिथं बर्फ पडत नाही. मी ती परत जागेवर ठेवून आलो आणि तुमच्या वतीनं दोन शब्द बोलूनही आलो. पण आज हे ऐकून जा.

आमचा नियम कुठं लिहिलेला नाही. बर्फ पडला की ज्यानं रस्त्यावरची जागा उपसली, ती त्याची. गाडी घेऊन कामाला निघताना तिथं स्वयंपाकघरातली एक खुर्ची ठेवायची. तो परत येईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. लावलाच, तर त्याची गाडी बर्फात पुरतात. पिट्सबर्गच्या या टेकडीवर पंचेचाळीस वर्षं माझं हार्डवेअरचं दुकान आहे. हिवाळा लागला की मी मोडक्या खुर्च्या दाराशी मांडतो, पाच डॉलरला एक, वर पाटी लावतो, 'बसणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर बसावं.' सगळ्या खपतात. एकदा एक पोलीस आला, म्हणाला, रस्त्यात खुर्च्या ठेवणं बेकायदा आहे. बोलता बोलता कळलं की त्यानं याच टेकडीवर घर घेतलंय. जाताना दोन खुर्च्या घेऊन गेला.

तर डेनिस प्रोकोप. हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर वाढला. खालच्या केस्टनर गल्लीत, एक्केचाळीस नंबरात. लग्न झालं आणि वीस मैल लांब, नव्या वसाहतीत राहायला गेला. तिकडे घरागणिक गॅरेज आहे, खुर्ची नुसती बसायला लागते.

खालची केस्टनर तुम्ही येता-जाता पाहिली असेल. उतारावर एकच घर उभं आहे, सोबोटाबाईंचं. बाकीची ओस पडली, छपरं खचली, एकेक करून पाडली. एक्केचाळीसही गेलं. गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात महापालिकेत असं ठरत आलं होतं की ही गल्ली बंदच करून टाकायची. दिवे काढायचे, पाण्याची लाइन तोडायची, नकाशातून नाव पुसायचं. सोबोटाबाईंना कुठल्या तरी इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली द्यायची. बाई ब्याऐंशीच्या, त्याच घरात जन्मलेल्या. फक्त त्याआधी एक मोजणी व्हायची होती. संध्याकाळी ठीक सात वाजता गल्लीत निदान सात गाड्या उभ्या दिसल्या, तर तिथं वस्ती आहे. सहा दिसल्या, तर नाही. मोजणीचं काम एका कंपनीला दिलं होतं आणि त्या कंपनीनं ते डेनिसला दिलं.

माझंही सांगून टाकतो, लपवण्यासारखं काही नाही. मी आठ गिऱ्हाइकांना गाठलं होतं. म्हटलं, सातच्या आत आपापली गाडी खाली नेऊन लावा, मिठाचं एकेक पोतं माझ्याकडून फुकट. आठही जण कबूल झाले. पण त्या दिवशी, गुरुवारी, सहा फेब्रुवारीला, दुपारी दोनला बर्फ सुरू झाला. साडेसहापर्यंत नऊ इंच. त्या उतारावर एकाचीही गाडी जाईना. एकेकानं फोन करून मला तसं सांगितलं. म्हणजे त्या संध्याकाळी खालची केस्टनर रिकामी होती. हे मला पक्कं माहीत होतं.

साडेसहाला डेनिस दुकानात डोकावला. कंपनीची मोठी जीप होती त्याच्याकडे, चारही चाकं ओढणारी, म्हणून पोचला. हातमोजे विसरला होता.

"काका, एक जोड द्या. आणि आज मला काही बोलू नका."

"मी कुठं बोललो?"

"तोंड बंद ठेवून बोलताय."

मी मोजे दिले. पैसे घेतले, उगाच घेतले. तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. म्हणाला, "मी खोटा आकडा लिहिणार नाही, काका. तुमच्यासाठी नाही आणि त्यांच्यासाठीही नाही. सात वाजता जे उभं असेल ते मोजेन आणि घरी जाईन."

यापुढचं तो सांगतो तसं.

खाली वीतभर बर्फ असणार या हिशेबानं तो उतारावरून सावकाश उतरला. दिव्याखाली आला आणि त्यानं ब्रेक दाबला. गल्लीत सहा जागा उपसलेल्या होत्या. नीट, फावड्यानं कडा सरळ कापून, खाली काळा रस्ता दिसेपर्यंत. प्रत्येक जागेत एक खुर्ची. समोर घरं नाहीत, नुसते मोकळे प्लॉट, आणि प्लॉटसमोर खुर्च्या.

तो हसला. त्याला वाटलं, हा म्हाताऱ्या एमिलचा, म्हणजे माझा, उद्योग. गाड्या आणता आल्या नाहीत म्हणून खुर्च्या मांडल्या. पण खुर्च्या मोजायच्या नव्हत्या, गाड्या मोजायच्या होत्या. जीप लावायला दुसरी जागा नव्हती, सगळीकडे ढीग. तो उतरला, जवळची खुर्ची उचलली, ढिगावर ठेवली आणि त्या जागेत जीप घातली.

याच टेकडीवर वाढलेला मुलगा. वीस वर्षं गॅरेजमध्ये गाडी लावली की हात विसरतो, दुसरं काय.

सातला अजून अवकाश होता. सोबोटाबाईंच्या खिडकीत उजेड होता, म्हणून तो तिकडे गेला. बाईंनी त्याला ओळखलं, गालाला हात लावला, बारीक झालास म्हणाल्या, आणि विचारण्याच्या भानगडीत न पडता ताटलीत हालुश्की वाढायला घेतली. आमच्यात कोबी आणि शेवया लोण्यात परतून करतात ती. डेनिसनं विचारलं की गल्ली कुणी उपसली. बाई म्हणाल्या, दुपारपासून फावड्याचा आवाज येतोय, मला वाटलं वरची पोरं असतील. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या,

"गाडी कुठं लावलीस?"

"हुडाकांचं घर होतं ना, तिथं."

"जागा मिळाली?"

"खुर्ची होती. बाजूला ठेवली."

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"कसली खुर्ची?"

"लाकडी, हिरवी. पाठीची एक पट्टी तारेनं बांधलेली. का हो मावशी?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मॅटी हुडाकचं तुम्हाला सांगायला हवं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत त्यानं आपली जागा उपसली, हिरवी खुर्ची ठेवली आणि कोपऱ्यावरची गाडी आणायला निघाला. दहा पावलं गेला असेल. तिथंच पडला. हार्ट. त्या जागेत त्याची गाडी लागलीच नाही. खुर्ची मात्र राहिली. बर्फ वितळला, ऊन पडलं, झाडांना पालवी आली, तरी लोक त्या खुर्चीला वळसा घालून गाड्या लावत होते. एप्रिलमध्ये त्याच्या बायकोनं ती परसात नेऊन जाळली. तिला रॉकेल मीच दिलं होतं. ती पुरती जळेपर्यंत मी तिच्याजवळ उभा होतो.

बाईंनी शेगडी बंद केली. म्हणाल्या, "जा. होती तिथं ठेव. आणि माफी माग."

"कुणाची?"

बाईंनी त्याचा कोट त्याच्या हातात दिला.

तो बाहेर आला तेव्हा आतल्या घड्याळात सातचे ठोके पडत होते. बर्फ संथ पडत होता. कुठं काही आवाज नाही.

हुडाकच्या जागेत जीप नव्हती.

किल्ली त्याच्या खिशात होती. त्यानं चाचपून पाहिली… होती.

जीप खाली होती, चाळीस पावलांवर. एक्केचाळीस नंबरच्या प्लॉटसमोर, त्याच्या घरासमोर. छतापर्यंत बर्फात पुरलेली. वरून फावड्यानं थापून थापून गुळगुळीत केलेली. चाकांचा माग नव्हता. पावलांचाही नाही.

खुर्च्या गेल्या होत्या. सहाही.

सहा जागा मोकळ्या. काळ्या. ओल्या.

तो हुडाकच्या जागेपाशी आला. त्याला वाटलं, इथं बर्फ पडत नाहीये. मग दिसलं… पडत होता. पण रस्त्यापर्यंत येत नव्हता. छातीच्या उंचीवर थांबत होता. आणि तिथून, कशावरून तरी, दोन्ही बाजूंनी हळूहळू घसरत होता…

त्यानं मोजा काढला. हात पुढे केला नाही. खाली वाकून रस्त्यावर टेकवला.

रस्ता गरम होता.

आणि मग ऐकू आलं. गाडी बंद केल्यावर इंजिन निवताना येतो ना, तसा आवाज. टिक… टिक… या जागेतून. पलीकडच्या जागेतून. त्याच्या पलीकडच्या…

डेनिसनं माफी मागितली की नाही, ते त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सव्वासातला तो माझ्या दारात उभा होता. उजव्या हातात मोजा नव्हता. मला म्हणाला, "काका, फावडं." बस, एवढंच. मी दोन फावडी घेतली, बॅटरी घेतली आणि त्याच्याबरोबर गेलो. आता हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. खाली एकही जागा उपसलेली नव्हती. गल्लीभर वीतभर सपाट बर्फ, कुणी कधी पाऊल टाकलं नसावं असा. फक्त एक्केचाळीससमोर तो ढिगारा. तो फोडायला आम्हाला दीड तास लागला. बर्फ कसला, वीट होती वीट. आतून जीप निघाली, चारी दारं बंद, काच शाबूत.

परत येऊन त्यानं इथं, या काउंटरवर मोजणीचा कागद पसरला. पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसला. मी कॉफी केली, ती निवून गेली.

"मी शब्द दिला होता," तो म्हणाला. "जे उभं असेल ते."

मी कॉफीचे कप उचलले.

"माझी जीप उभी होती. त्या सहांत ती धरली तर…"

आठ पोती मीठ वाटायला निघालेला माणूस मी. त्या क्षणी मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. त्यानं 'सात' लिहिलं, खाली सही केली आणि घरी गेला.

गल्ली राहिली. दिवे राहिले, सोबोटाबाई राहिल्या. पण वर, महापालिकेत, कुणाला तरी तो आकडा पटला नाही. तीन आठवड्यांनी, सत्तावीस तारखेला, दुसरी मोजणी ठेवली. या वेळी डेनिस नाही, दुसरी एक मुलगी येणार होती. मी कुणालाही गाड्या लावा म्हणून सांगितलं नाही. आदल्या रात्री परत बर्फ पडला. ती मुलगी संध्याकाळी सातला खाली गेली, अर्ध्या तासानं वर आली आणि माझ्या दुकानावरून सरळ निघून गेली. तिनं काय पाहिलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आकडा सातच लिहिला.

त्या दिवशी सकाळचं मात्र सांगायचं राहिलं.

सकाळी सहाला फोन वाजला. डेनिसची बायको, मेरीबेथ. डेनिसनं तिला सगळं सांगितलेलं होतं, म्हणून तिनं मला फोन केला. हळू आवाजात बोलत होती. रात्री जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या, मीच आत सरकवल्या, म्हणाली. सकाळी तीन आहेत. दारं आतून बंद. मी विचारलं, डेनिस कुठंय? वर झोपलाय, म्हणाली, घोरणं ऐकू येतंय… काका, तुम्ही लोकं त्याची थट्टा तर करत नाही ना?

मी म्हटलं, मी बघतो.

बॅटरी घेऊन खाली गेलो. अजून उजाडलं नव्हतं. गल्लीत सात जागा उपसलेल्या होत्या. कडा सरळ. खाली काळा रस्ता. पहिल्या सहांत जुन्या खुर्च्या, हिरवी त्यातच. मी त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही.

सातवी जागा एक्केचाळीससमोर. तिथं एक नवी खुर्ची होती. फिक्या लाकडाची, निळ्या ठिपक्यांची गादी फितीनं बांधलेली. सगळ्या बर्फात पावलं फक्त माझी.

मेरीबेथला मी सांगितलं की इथं काही नाही, चौथी खुर्ची विकत आणा. डेनिसला हे आजवर बोललेलो नाही. भेटतो तेव्हा तो माझ्याकडे बघतो, मी त्याला गिऱ्हाइकांच्या गमती सांगत बसतो.

त्या सहा खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून होत्या, आपण ठेवतो तशा. सातवीचं तोंड प्लॉटकडे होतं, पाडलेल्या घराकडे. आणि ती थोडी तिरकी, मागे ओढलेली होती… जेवायला बोलावलेल्या माणसाला बसता यावं म्हणून ओढून ठेवतात, तशी.