भासकुरण

शेडच्या पहिल्या रांगेत पहाट फटफटत होती आणि शेवटच्या रांगेत ऊन कललं होतं. बाहेर मात्र भर दुपार होती. शालनबाई दारातच थबकल्या. आपल्या गावठी कोंबड्या विट्याजवळच्या माळावर मोकळ्या चरताहेत, असं त्या वर्षभर समजून होत्या. इथे एकेक कोंबडी जेमतेम अंग मावेल एवढ्या खुराड्यात बसली होती.

"ऋतुराज, काकांना शब्द दिला होतास तू," त्या पुतण्याला म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याचं, निवृत्तीरावांचं, अर्धं अंग लुळं पडलं आणि दवाखान्यासाठी त्यांना सांगलीत सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणावं लागलं. तेव्हा कोंबड्या कोंडायच्या नाहीत या एकाच अटीवर त्यांनी त्या सगळ्या पुतण्याच्या हवाली केल्या. पुतण्या पशुवैद्यकातला मोठा संशोधक, घरचा माणूस, त्याच्यावर संशय कोण घेणार? दर आठवड्याला अंडी यायची. बलक जिभेवर घोळवून निवृत्तीराव म्हणायचे, "उन्हात फिरलेली हाय." तेवढ्या एका वाक्यावर शालनबाईंचा आठवडा निघायचा.

"शब्द मोडला कुठे, काकी? त्या कुरणातच आहेत. त्यांना विचारा हवं तर."

कोंबड्यांना विचारा म्हणायला याचं काय जातंय, असं शालनबाईंना वाटलं. पण ऋतुराज चेष्टा करत नव्हता. कोंबडीच्या शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं आणि अंडं घालायची वेळ त्यावर ठरते, त्याने समजावलं. ती बिथरली तर अंडं पोटातच धरून ठेवते, मग कवच खडबडीत होतं. म्हणून मोकळ्या कोंबडीचं सकाळचं अंडं उत्तम, असं सगळे मानत आले. ऋतुराजने शोधलं ते एवढंच, की कोंबडीला कुरण लागत नाही, कुरणात असल्याची खात्री लागते. मानेवर चिकटवलेली नखाएवढी पट्टी मेंदूला ती खात्री पुरवते. त्याला तो भासकुरण म्हणायचा. प्रत्येक रांगेला तो दिव्यांनी वेगळ्या वेळी पहाट दाखवायचा, त्यामुळे ताजी अंडी दिवसभर मिळत.

"म्हंजे वर्षभर फसवलंस आम्हाला."

"काकांची जीभ फसलेली नाही. अंडं खरंच तसंच आहे."

"केसानं गळा कापलास बाबा. आज जाऊन सगळं सांगते त्यांना. बघू दे पुतण्याचे गुण."

ऋतुराजने मान खाली घातली. "सांगा. पण त्यांना ते पटणार नाही. घरी चला म्हणून काका रोज रडायचे. दिवाळीपासून थांबलेत ना?"

थांबले होते. शालनबाईंनी त्याचं श्रेय आपल्या मालिशला दिलं होतं, देवाला घातलेल्या साकड्याला दिलं होतं. आजारपणात नवऱ्याचं मन आपण रमवलं, या अभिमानावर त्या उभ्या होत्या.

"त्यांच्या कानामागे बघा. मीच लावली. मला बघवत नव्हतं."

"मला न विचारता?"

"तुम्ही नाही म्हणाला असता, काकी."

त्या तडक सांगलीला परतल्या. निवृत्तीराव भिंतीकडे बघत स्वतःशीच हसत होते. शालनबाईंनी त्यांचा कान वाकवला. पट्टी कातडीच्याच रंगाची होती, रोज तेल लावणाऱ्या हातालाही न कळलेली. त्यांनी ती नखाने सोडवली.

निवृत्तीरावांचं हसू मावळलं. त्यांनी छताकडे पाहिलं, पलंगाच्या कठड्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शालन, कुठं आणून टाकलंस गं मला? घरी चल की."

ते पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. शालनबाई त्यांचे डोळे पुसत राहिल्या. सांगायचं ते सगळं ओठांवर होतं. ऋतुराजवरचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. शेवटी त्यांनी पट्टी जागच्या जागी ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली.

"आलीस व्हय?" निवृत्तीरावांचा चेहरा उजळला. "कोंबड्या सोडल्यास का?"

"सोडल्या की," शालनबाई म्हणाल्या. "कवाच सोडल्या."