खुंटीवरचा नान

ताश्कंदमध्ये प्रेमाला तोटा नाही, तोटा आहे तो ते ऐकून घेणाऱ्यांचा. एकवीस वर्षं मी तेच काम केलं. आमच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी या शहरात जुळलेली एक जोडी छापून यायची, आणि ती जोडी शोधून आणायची ती मी. संपादक हैदर अका, सगळ्या कचेरीचे थोरले दादा, दरवेळी बजावायचे, "झुलहुमोर, चंद्र आणि बुलबुल घरी ठेवून ये. ती दोघं कुठल्या थांब्यावर भेटली ते लिही. लोकांना पत्ता लागतो!"

त्या जानेवारीत मी अशाच एका पत्त्यावर निघाले होते. वाटेत दोन नान घेतले, रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जाणं बरं दिसत नाही. कापडगिरणीच्या मागे विटांची एक चार मजली जुनी इमारत पाडायला काढली होती. अर्धी पाडून झाली होती, उरलेली उद्या सकाळी जाणार होती. सगळी बिऱ्हाडं गेली, फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या सनोबर ओपा, इमारतीच्या थोरल्या ताई, हटून बसल्या होत्या. म्हातारी नवऱ्याची वाट बघते म्हणे, तुला बोलावलंय, असं कुणीतरी हसत हसत सांगितलं होतं. मी म्हटलं, चला, शुक्रवारची सोय झाली.

दुपारचे चार वाजले होते, पण जिन्यात अंधार होता. विजेच्या तारा आधीच तोडलेल्या. प्रत्येक मजल्यावर दारं काढून नेलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना नुसती काळी भोकं. ओल्या गिलाव्याचा वास येत होता. दुसरा मजला ओलांडला आणि तो वास बदलला... ताज्या नानचा वास, तीळ भाजल्याचा. वाटलं, माझ्याच पिशवीतून येतोय. पिशवीत हात घातला, तर माझे नान केव्हाच गार झाले होते.

"ये गं पोरी, पायपुसणं नाहीये, बूट तसेच राहू देत," सनोबर ओपा म्हणाल्या. पासष्टीची बाई, पण ओठाला लाली, डोक्याला नवा कोरा रेशमी रुमाल. खोलीत एक सतरंजी, एक मेणबत्ती आणि दारावरच्या खुंटीला टांगलेली एक कापडी पिशवी, बस्स. बाकी सामान त्यांनी वाटून टाकलं होतं.

"आज कुठं जायचंय का ओपा?" मी चिडवलं.

"मी कशाला जाऊ? यायचंय त्याला."

मग त्यांनी सांगितलं. मी वही उघडली खरी, पण चार ओळींनंतर लिहायचं विसरलेच.

नवरा तोल्किन अका ट्रॉलीबस चालवायचे, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी बस. सनोबर विसाव्या वर्षी गिरणीत लागलेली. पाळी सुटली की ती पळत थांब्यावर यायची, आणि ती येईपर्यंत हा गडी बस हलवायचाच नाही! मागचे लोक ओरडायचे, काचा बडवायचे, एका म्हाताऱ्यानं तर छत्री मारली त्याला. हा म्हणायचा, तारेत वीज नाही. आणि सनोबर पायरीवर चढली की वीज यायची.

"सगळ्या बसला माहीत होतं," ओपा हसत म्हणाल्या. "मला सोडून. मला बापडीला वाटायचं, आपलं नशीबच चांगलं, रोज बस मिळते!"

लग्नाला अकरा दिवस झाले आणि त्याला अफगाणिस्तानात लढायला बोलावणं आलं. आपल्याकडे घरातलं माणूस लांब निघालं की काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. उंबऱ्यात उभं राहून त्यानं नानचा एक घास चावला. उरलेला नान खुंटीवर गेला. ज्याचा नान त्यानंच परत येऊन संपवायचा, तेव्हाच तो घरी आला म्हणायचं. दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही.

"चार महिन्यांनी जस्ताची शवपेटी आणली. उघडायची नाही म्हणाले. मी म्हटलं, मग मी रडायचीही नाही. न बघितलेल्या माणसाला कोण रडतं? सासू म्हणाली, नान उतरव. मी म्हटलं, हात तर लावून बघा!"

चव्वेचाळीस वर्षं! दोन स्थळं आली, दोन्ही दारातूनच परत पाठवली. बहिणीनं मोठं घर देऊ केलं, तर या म्हणाल्या, त्याला हाच पत्ता माहीत आहे. मी हजाराच्या वर प्रेमं लिहिली हो, पण अशी बाई नाही पाहिली. मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले.

"आणि पाचव्या हिवाळ्यात," त्यांचा आवाज खाली आला, "नानचा एक घास कमी झाला."

"उंदीर असेल ओपा..."

"उंदराचे दात मला कळत नाहीत होय? त्याचा घास होता. आणि आतून नान मऊ होता, पोरी, आज भाजल्यासारखा. मग कधी वर्षानं, कधी पाच वर्षांनी. दरवेळी जानेवारीतच. मी कधी जागी सापडत नाही, झोप लागते. आता नानच्या मधोमध फुलाचा शिक्का मारतात ना, तेवढाच उरलाय. एक घास. तो खाल्ला की तो घरचा झाला." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "उद्या घर पडणार. म्हणून आज यायलाच हवं त्याला. आणि आज मला झोप लागू नये म्हणून तुला बोलावलं."

म्हणजे माझी शुक्रवारची सोय नव्हतीच ती. मी पहाऱ्याला होते.

साडेपाचला खिडकी निळी पडली. पलीकडच्या टोकाला पाडकामाचं यंत्र अजून धडका देत होतं. त्या धडका जरा थांबल्या आणि खालून दुसरा आवाज आला. बारीक, चढत जाणारा, गुणगुणल्यासारखा. या शहरात वाढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. ट्रॉलीबस! पण ताश्कंदमधल्या ट्रॉलीबस बंद होऊन चौदा वर्षं झाली होती... त्या रस्त्यावर तारच उरली नव्हती.

आवाज इमारतीखाली थांबला. ओपांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गरम होता, माझा बर्फ.

जिन्यात पावलं वाजली. जड बूट, पण घाई नाही. पहिला मजला... दुसरा... तिळाचा वास इतका दाटला की श्वास घेणं जड झालं. आणि नेमकी तेव्हाच यंत्रानं धडक मारली. भिंत हादरली, खुंटी निसटली, पिशवी खाली आदळली आणि नानचा तुकडा घरंगळत माझ्या पायाशी आला.

आता काय सांगू तुम्हाला! लहानपणी आईनं एकच गोष्ट मारून मारून शिकवली होती. जमिनीवर पडलेला नान क्षणभरही पडू द्यायचा नाही. उचलायचा, ओठाला लावायचा, कपाळाला लावायचा आणि तोंडात टाकायचा. मी विचार केलाच नाही. हातानं उचललं, ओठ, कपाळ... आणि तोंड.

मऊ होता. कोमट होता. दुधाची चव होती. गिळल्यावर मला कळलं, मी काय केलं ते.

पावलं दाराशी येऊन थांबली.

"सनोबर..." बाहेरून आवाज आला. तरुण होता, पंचविशीचा, जरा लाजरा. "काही उरलंय का?"

मला रडू फुटलं. मेले असते तर बरं झालं असतं असं वाटलं, खरंच! ओपांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होते. त्यांनी माझे डोळे पुसले, स्वतःच्या रुमालाच्या टोकानं.

"नाही हो," त्या दाराकडे वळून म्हणाल्या. "पाहुणीनं खाल्लं. तिची चूक नाही, खाली पडलं होतं."

बाहेर बूट जरा मागे सरकले. मग, "मग... मी जाऊ?"

"थांबा. रोज थांबायचात की! कोट घालते."

त्यांनी माझ्या पिशवीतला एक नान काढला, उंबऱ्यात उभं राहून एक घास चावला आणि उरलेला माझ्या हातात दिला. "तुझ्या घरी टांग. माझा आहे हं, कुणाला देऊ नकोस." दार उघडलं. बाहेर मला नुसता अंधार दिसला, पण त्या अंधाराला हसून बघत होत्या त्या. दोन माणसांची पावलं खाली उतरत गेली.

मी खिडकीशी धावले. खाली दिवे लावलेली ट्रॉलीबस उभी होती, वर तार नाही, आकाशच होतं. प्रत्येक खिडकीत माणूस बसलेला. ओपा रमतगमत रस्ता ओलांडत होत्या आणि बस थांबून होती. पण या वेळी कुणी ओरडत नव्हतं, कुणी काच बडवत नव्हतं. सगळे मान वर करून माझ्याकडे बघत होते.

हैदर अकांनी ते छापलं नाही. म्हणाले, "झुलहुमोर, थोडी विश्रांती घे." मग मी कामच सोडलं. इमारतीच्या बदल्यात सनोबर ओपांना मिळालेल्या नव्या घराची किल्ली अजून पालिकेच्या कचेरीत पडून आहे, ती घ्यायला कुणी आलं नाही. ढिगाऱ्यात त्यांना शोधलं, तिथंही त्या नव्हत्या.

नान मी सांगितल्याप्रमाणे टांगला. गेलं वर्ष तो तसाच राहिला, दगडासारखा वाळला. या जानेवारीत एका सकाळी घरभर तिळाचा वास सुटला होता. मी नान उतरवून बघितला. ओपांच्या जुन्या घासाशेजारी त्यांचाच नवा घास होता, मऊ, पांढरा. त्याच्या जरा पलीकडे एक रुंद घास, पुरुषाचा.

आणि त्या दोन्हींच्या मधोमध एक इवलासा, नुकतेच दोन दात आलेल्या तोंडाचा.